मोटारसायकलचे तेल आणि क्लचची पकड

घाटाचे वळण चढताना मोटारसायकलच्या इंजिनाचा आवाज एकाएकी वाढतो, वेग मात्र वाढत नाही. मूठ आणखी पिळावी तर आवाज आणखी चढतो, गाडी जागच्या जागी रेंगाळू लागते आणि थोड्याच वेळात जळकट वास येतो. मागून मालमोटार येत असते, मागील आसनावर कोणी बसलेले असते आणि गाडी पुढे सरकत नाही. मेस्त्रीच्या भाषेत याला ‘क्लच स्लिप होणे’ म्हणतात. कुंभार्ली किंवा आंबा घाटातून, अथवा सातपुड्यातील तोरणमाळच्या चढणीवरून नित्य ये-जा करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.

ग्रामीण महाराष्ट्रात मोटारसायकल हे आज नोकरीचे आणि धंद्याचे साधन झाले आहे. पाड्यावरील शाळेत जाणारे शिक्षक, वस्तीवस्तीवर फिरणारे पशुवैद्यकीय कर्मचारी, पंचायत समितीच्या बैठकीस येणारे सदस्य, पहाटे दूध गोळा करणारे शेतकरी या सर्वांचा दिवस याच वाहनावर अवलंबून असतो. गाडी बंद पडली की शाळा उशिरा भरते, दूध नासते, रोजंदारी बुडते. म्हणूनच क्लच घसरू लागला की गाडी तातडीने गॅरेजमध्ये नेली जाते, क्लचप्लेटा बदलल्या जातात व खर्चाचा प्रश्न मिटला असे समजले जाते. परंतु कित्येकदा नव्या प्लेटाही काही आठवड्यांत घसरू लागतात. दोष प्लेटांचा नसून इंजिनात ओतलेल्या तेलाचा आहे, ही गोष्ट तोवर कोणाच्या लक्षात आलेली नसते.

अशी चूक बहुधा निष्काळजीपणातून घडत नाही. ‘गाडीला जरा चांगले तेल घालू’ अशा सद्हेतूनेच ती घडते. मोटारीसाठी मिळणारे महाग तेल मोटारसायकलला अधिक मानवेल असा समज त्यामागे असतो. तो चुकीचा का आहे हे समजून घेण्यासाठी मोटारसायकलच्या पोटात तेलाला कोणती कामे करावी लागतात ते प्रथम पाहिले पाहिजे.

एक तेल, तीन कामे

मोटारीमध्ये इंजिनाचे तेल इंजिनापुरतेच असते. गिअरपेटीला निराळे तेल लागते आणि हाताने गिअर बदलावयाच्या मोटारीतील क्लच हा कोरडा असतो. त्याला तेलाचा थेंबही लागू दिला जात नाही. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक चार-स्ट्रोक मोटारसायकलींची रचना याहून वेगळी आहे. त्यांचे इंजिन, गिअरपेटी व क्लच एकाच कवचात बसविलेले असतात आणि या तिन्हींना एकाच साठ्यातील तेल पुरविले जाते.

या तेलाला इंजिनात पिस्टन, सिलिंडर व बेअरिंग यांमधील घर्षण कमी करावे लागते, उष्णता वाहून न्यावी लागते आणि ज्वलनातून निर्माण होणारी काजळी आपल्यात धरून ठेवावी लागते. गिअरपेटीत एकमेकांवर दाबल्या जाणाऱ्या दात्यांना त्याला सांभाळावे लागते. तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे क्लचमध्ये, त्याच्याकडून अगदी उलट अपेक्षा असते. तेथे तेलाने प्लेटा थंड ठेवावयाच्या असतात, परंतु त्यांची परस्परांवरील पकड मात्र सुटू द्यावयाची नसते. एकाच तेलाने एके ठिकाणी घर्षण घटवावे आणि दुसऱ्या ठिकाणी ते टिकवावे, अशी ही दुहेरी जबाबदारी आहे.

पूर्वीच्या पिढीला हा प्रश्न अशा स्वरूपात पडत नसे. राजदूत व येझदी मोटारसायकली किंवा चेतक स्कूटर ही दोन-स्ट्रोक वाहने होती. त्यांच्या इंजिनाचे तेल पेट्रोलमध्ये मिसळले जाई व पेट्रोलबरोबर जळून जाई. गिअरपेटीत निराळे तेल असे. १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी १०० ही मोटारसायकल बाजारात आली आणि पुढील काही वर्षांत चार-स्ट्रोक गाड्यांचा सर्वत्र प्रसार झाला. त्याबरोबर एकाच तेलाने तिन्ही कामे करण्याची पद्धतही घराघरांत पोहोचली. तेलाविषयीच्या जुन्या सवयी व समजुती मात्र अनेक ठिकाणी तशाच राहिल्या.

क्लच कसा पकडतो

क्लच उघडून पाहिला तर त्यात एकाआड एक रचलेल्या दोन प्रकारच्या गोल चकत्या दिसतात. एका प्रकारच्या चकत्यांवर कागदी तंतू, बूच अथवा तत्सम द्रव्याचा खरखरीत थर असतो. दुसऱ्या प्रकारच्या चकत्या साध्या पोलादाच्या असतात. पहिल्या चकत्या इंजिनाबरोबर फिरतात, दुसऱ्या गिअरपेटीच्या दांड्याशी जोडलेल्या असतात. स्प्रिंगांच्या दाबाने या चकत्या एकमेकींवर घट्ट बसल्या की इंजिनाची शक्ती गिअरमार्गे मागील चाकापर्यंत पोहोचते. चालकाने डाव्या हाताची मूठ दाबली की स्प्रिंगांचा दाब सुटतो, चकत्या मोकळ्या होतात आणि गिअर बदलता येतो.

चकत्यांची ही सारी चळत तेलात भिजलेली असते. म्हणून तिला ‘ओला क्लच’ म्हणतात. चकत्या दाबल्या गेल्या की त्यांमधील बरेचसे तेल बाहेर ढकलले जाते. पृष्ठभागावर उरतो तो अतिशय पातळ असा थर. या थरात कोणती द्रव्ये आहेत यावर पकड अवलंबून असते. थर साधा असेल तर चकत्या एकमेकींना धरून राहतात. त्यात निसरडेपणा आणणारी द्रव्ये अधिक असतील तर स्प्रिंगांचा दाब तोच असूनही चकत्या एकमेकींवरून सरकू लागतात.

सपाट रस्त्यावर, एकट्या चालकासह, ही सरकण जाणवतही नाही. भार वाढला की ती उघडी पडते. दुधाच्या ४० लिटरच्या दोन किटल्या गाडीच्या दोन्ही बाजूंना अडकविल्या तर केवळ दुधाचेच वजन ८० किलोग्रॅमहून थोडे अधिक भरते. किटल्यांचे वजन त्याशिवाय. अशी गाडी चढणीला लागली की क्लचवरील ताण कमाल मर्यादेस पोहोचतो आणि दुबळी पकड सुटते. चकत्या सरकल्या की उष्णता वाढते, उष्णतेने खरखरीत थर जळतो, थर जळाला की पकड आणखी कमी होते. हे चक्र एकदा सुरू झाले म्हणजे चांगल्या प्लेटाही थोड्या दिवसांत निकामी होतात. जळालेल्या थराचा चुरा तेलात मिसळतो आणि तेच तेल इंजिनातही फिरते, हे विसरून चालणार नाही.

यात सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. महामार्गावर पुढील वाहन ओलांडीत असताना गाडीने साथ सोडली तर चालक समोरून येणाऱ्या वाहनाच्या वाटेत अडकतो. दोष बळावला म्हणजे उतारावर गाडी गिअरमध्ये असूनही इंजिनाचा रोध चाकापर्यंत पुरेसा पोहोचत नाही आणि सारा भार ब्रेकवर पडतो. घाटरस्त्यावर राहणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

महाग तेल का नडते

मोटारीच्या तेलात निसरडेपणा आणणारी द्रव्ये मुद्दाम घातली जातात. इंजिनातील घर्षण जितके कमी, तितके पेट्रोल कमी लागते, हे त्यामागील कारण होय. मॉलिब्डेनमची काही संयुगे व काही सेंद्रिय द्रव्ये या कामी वापरली जातात. मोटारीत क्लच कोरडा व स्वतंत्र असल्यामुळे या द्रव्यांचा त्याला उपद्रव होत नाही. तेच तेल मोटारसायकलमध्ये ओतले की ते इंजिनाप्रमाणे क्लचच्या चकत्यांनाही निसरडे करते.

म्हणजे मोटारीसाठी जो गुण, तोच मोटारसायकलसाठी दोष ठरू शकतो. तेल वाईट नसते. ते निराळ्या कामासाठी तयार केलेले असते.

गिअरपेटीमुळे आणखी एक भेद निर्माण होतो. तापल्यावर तेल फार पातळ होऊ नये म्हणून त्यात लांब साखळीच्या रेणूंची द्रव्ये मिसळलेली असतात. मोटारसायकलमध्ये गिअरचे दाते फिरताना हे रेणू जणू कातरले जातात आणि तेल हळूहळू पातळ होते. मोटारसायकलसाठी बनविलेल्या तेलात ही कातरण सोसण्याची क्षमता पाहिली जाते.

ट्रॅक्टर किंवा जीपसाठी आणलेले डिझेल इंजिनाचे तेल मोटारसायकलमध्ये वापरण्याची प्रथाही शेतकरी कुटुंबांत आढळते. त्याने क्लच लगेच घसरेलच असे म्हणता येणार नाही. तथापि ते तेल डिझेल इंजिनातील काजळी लक्षात घेऊन बनविलेले असते आणि मोटारसायकलच्या क्लचसाठी त्याची चाचणी झाली आहे असे डब्यावर नमूद नसेल तर त्यावर भरवसा ठेवणे योग्य नव्हे.

डब्यावरील तीन खुणा

तेलाच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत व्यापारी नाव असते. निवडीसाठी उपयोगाची माहिती बहुधा लहान अक्षरांत, डब्याच्या मागील बाजूस असते. ती वाचण्यास इंग्रजी भाषेचे ज्ञान लागत नाही. काही अक्षरे व अंक ओळखता आले म्हणजे पुरे.

पहिली खूण दाटपणाची. ‘एसएई’ या अक्षरांपुढे ‘१० डब्ल्यू ३०’, ‘२० डब्ल्यू ४०’, ‘२० डब्ल्यू ५०’ असे आकडे असतात. एसएई ही अमेरिकेतील मोटार अभियंत्यांची संस्था १९०५ मध्ये स्थापन झाली आणि तेलाच्या दाटपणाचे तिचे वर्गीकरण जगभर वापरले जाते. ‘डब्ल्यू’ हे हिवाळ्यासाठी असलेल्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर होय. त्याआधीचा आकडा थंड तेलाचे वर्तन दर्शवितो. तो जितका लहान, तितके तेल गारठ्यात लवकर वाहते. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअस तापमानावरील दाटपणा दाखवितो. तो जितका मोठा, तितके तापलेले तेल दाट राहते.

विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो म्हणून सरसकट दाट तेल वापरावे, असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. परंतु तेलाच्या वाहिन्यांचा व्यास, पंपाची क्षमता आणि बेअरिंगमधील फट ही प्रत्येक इंजिनात उत्पादकाने ठरविलेली असते. १० डब्ल्यू ३० साठी आखलेल्या इंजिनात त्याहून फार दाट तेल घातले तर सकाळी गाडी सुरू करताना ते वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते आणि इंधनही अधिक लागते. हवामानाप्रमाणे बदल करण्याची मुभा असल्यास वाहनाच्या पुस्तिकेत तसे दिलेले असते. तिच्याबाहेर जाण्याचे कारण नाही.

दुसरी खूण ‘एपीआय’ या अक्षरांची. अमेरिकेतील पेट्रोलियम संस्थेने ठरविलेला हा दर्जा पेट्रोल इंजिनाच्या तेलासाठी ‘एस’ या अक्षराने सुरू होतो. त्यापुढील अक्षर वर्णमालेत जितके पुढे, तितका दर्जा अलीकडचा. ‘एसएल’ हा दर्जा २००१ मध्ये, ‘एसएन’ २०१० मध्ये आणि ‘एसपी’ २०२० मध्ये आला. हा दर्जा इंजिनाच्या संरक्षणाविषयी सांगतो. ओल्या क्लचच्या पकडीविषयी तो काही सांगत नाही. काही डब्यांवर एका वर्तुळाच्या खालच्या कडेला ऊर्जा अथवा संसाधन बचतीचे इंग्रजी शब्द छापलेले असतात. मोटारीच्या मालकास ते समाधान देणारे असले तरी ओला क्लच असलेल्या मोटारसायकलच्या मालकाने ते सावधगिरीची सूचना समजावेत.

तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची. तीत ‘जेएएसओ’, म्हणजेच ‘जासो’, ही अक्षरे व त्यांसोबत ‘एमए’ किंवा ‘एमबी’ असे लिहिलेले असते. जासो ही जपानमधील मोटारवाहनविषयक मानके ठरविणारी संघटना आहे. मोटारीची तेले अधिकाधिक निसरडी होऊ लागली आणि मोटारसायकलच्या क्लचला ती मानवेनाशी झाली, तेव्हा या संघटनेने १९९८ मध्ये चार-स्ट्रोक मोटारसायकलच्या तेलासाठी ‘टी ९०३’ हे मानक जारी केले. यात क्लचच्या चकत्या तेलात फिरवून व थांबवून त्यांच्यातील घर्षण प्रत्यक्ष मोजले जाते. ज्या तेलात पकड चांगली राहते त्यास ‘एमए’ आणि जे अधिक निसरडे आहे त्यास ‘एमबी’ असा शेरा मिळतो. २००६ मध्ये ‘एमए’ या वर्गाची ‘एमए१’ व ‘एमए२’ अशी आणखी विभागणी झाली. ‘एमए२’ मध्ये पकड अधिक असते.

हे तीन निकष एकत्र वाचणे अगत्याचे आहे. मोटारसायकलचे १० डब्ल्यू ३० आणि मोटारीचे १० डब्ल्यू ३० हे दोन डबे दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले असतात. दोहोंवरील आकडे तेच, एपीआयचा दर्जाही कदाचित तोच. एकावर ‘एमए’ ही अक्षरे असतात, दुसऱ्यावर नसतात. घाटातील फरक या दोन अक्षरांचा असतो.

घरात दोन वाहने असतील तर

आज अनेक घरांत एक मोटारसायकल व एक गिअर नसलेली स्कूटर असते. दोन्ही चार-स्ट्रोक, दोन्हींना लागणारे तेल जवळजवळ तितकेच. तेव्हा एकाच डब्याने काम भागवावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अशा स्कूटरमधील क्लच कोरडा असतो आणि तो इंजिनाच्या तेलात बुडलेला नसतो. म्हणून स्कूटरला ‘एमबी’ तेल चालते. इंधनाच्या बचतीसाठी काही उत्पादक तेच सुचवितात. तेच तेल मोटारसायकलमध्ये गेले की क्लचची पकड धोक्यात येते. स्कूटरच्या डब्यात उरलेले तेल ‘वाया जाऊ नये’ म्हणून मोटारसायकलमध्ये ओतण्याचा मोह यासाठीच टाळावा.

दोष नेहमी तेलाचाच नसतो

क्लच घसरला की लगेच तेलाला अथवा प्लेटांना दोष देणे हेही योग्य नाही. सर्वांत सोपी व बिनखर्चाची तपासणी सर्वप्रथम करावी.

क्लचची मूठ दाबू लागल्यावर सुरुवातीची थोडी हालचाल मोकळी असावयास हवी. तिला मेस्त्री ‘प्ले’ म्हणतात. अनेक लहान मोटारसायकलींत मुठीच्या टोकाशी मोजल्यास तो १० ते २० मिलिमीटर ठेवण्यास सांगितलेले असते. नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. प्ले मुळीच नसेल तर मूठ सोडलेली असतानाही क्लचची वायर ताणलेली राहते, चकत्या पूर्ण दाबल्या जात नाहीत आणि क्लच घसरतो. हा दोष एका पान्याने व पाच मिनिटांत दूर होतो. प्लेटा झिजत जातात तसतसा हा प्ले आपोआप कमी होत असल्यामुळे तो वेळोवेळी पाहणे इष्ट आहे. वायर गंजून तिच्या नळीत अडकत असली तरीही मूठ पूर्णपणे परत येत नाही.

दुसरे कारण चालकाच्या सवयीत सापडते. दोन बोटे सतत क्लचवर ठेवून गाडी चालविणे, चढणीवर ब्रेक न दाबता अर्धवट क्लचवर गाडी तोलून धरणे, चिखलात रुतलेली गाडी क्लच सोडीत-धरीत बाहेर काढणे, तीन माणसे घेऊन वरच्या गिअरमध्ये चढ चढणे, या सर्वांत चकत्या घासल्या जातात. तेल कितीही योग्य असले तरी अशा वापराला ते पुरे पडत नाही.

या दोन गोष्टी ठीक असूनही क्लच घसरत असेल तर स्प्रिंगांचा ताण, चकत्यांची जाडी व तेल यांकडे वळावे. दोष खरोखर क्लचचा आहे किंवा नाही हे ओळखण्यासाठी मोकळ्या, सपाट रस्त्यावर मध्यम वेगाने वरच्या गिअरमध्ये असताना मूठ झटकन पिळून पाहावी. आवाज चढला आणि वेग त्याप्रमाणात वाढला नाही तर क्लच घसरत आहे. आवाजही चढत नसेल तर दोष इंधनपुरवठा, एअर फिल्टर किंवा अन्यत्र असण्याचा संभव अधिक.

चुकीचे तेल पडलेच तर

तेल बदलल्यानंतर थोड्याच दिवसांत क्लच घसरू लागला, तर प्लेटांवर खर्च करण्यापूर्वी डबा पाहावा. रिकामा डबा गॅरेजमध्येच राहिला असल्यास मेस्त्रीस विचारावे. तेल मोटारीचे अथवा ‘एमबी’ वर्गाचे निघाले तर ते पूर्ण काढून योग्य तेल भरावे. घसरण नुकतीच सुरू झाली असेल तर बहुधा तेवढ्याने क्लच पूर्ववत होतो. आत उरलेले चुकीचे तेल निघून जाण्यासाठी कधी पुढील बदल लवकर करावा लागतो. जळका वास येईपर्यंत गाडी रेटली असेल तर मात्र क्लच उघडण्यावाचून गत्यंतर नसते. पोलादी चकत्या तापून निळसर झालेल्या असल्या किंवा वाकल्या असल्या तर त्याही बदलाव्या लागतात. नव्या खरखरीत चकत्या बसविण्यापूर्वी योग्य तेलात भिजवून ठेवाव्यात. कोरड्या बसविल्यास त्या सुरुवातीलाच जळू शकतात.

पातळी, मुदत आणि पुराचे पाणी

लहान मोटारसायकलमध्ये साधारणपणे पाऊण ते एक लिटर तेल असते. त्यातील २०० मिलिलिटर कमी झाले म्हणजे पाचवा ते चौथा हिस्सा कमी झाला. एवढ्या अल्प साठ्यावर तीन यंत्रणांचा भार असल्याने पातळी आठवड्यातून एकदा पाहण्याची सवय हितावह ठरते. गाडी सपाट जागी, मधल्या स्टँडवर उभी करावी. इंजिन काही मिनिटे चालवून बंद करावे आणि तेल खाली उतरू द्यावे; नंतर कांडी पुसून तेल पाहावे. कांडी आटे फिरवून बसवावयाची की केवळ टेकवावयाची, हे गाडीपरत्वे बदलते व पुस्तिकेत दिलेले असते. पातळी खालच्या व वरच्या खुणांच्या दरम्यान असावी. वरच्या खुणेच्या वर तेल भरणेही अपायकारकच आहे.

तेल काळे पडले म्हणजे ते निकामी झाले असे नाही. काजळी स्वतःत धरून ठेवण्याचे काम ते करीत असल्याची ती खूण असते. बदलाची मुदत किलोमीटर व महिने या दोन्हींत दिलेली असते आणि जी आधी येईल ती पाळावयाची असते. शाळेच्या दीर्घ सुटीत गाडी उभी राहिली तरी महिने मोजले जातातच.

२०१९ मध्ये कोल्हापूर व सांगली परिसरात आणि २०२१ मध्ये चिपळूण व महाड येथे आलेल्या महापुरांत असंख्य दुचाकी पाण्याखाली गेल्या. अशा प्रसंगी पाणी ओसरताच गाडी सुरू करून पाहणे ही मोठी चूक होय. इंजिनात शिरलेले पाणी तेलात मिसळले की त्याचा रंग दुधाळ चहासारखा होतो. अशा तेलाने बेअरिंगचे संरक्षण होत नाही आणि क्लचच्या चकत्यांवरील थरही बिघडू शकतो. प्रथम तेल काढून पाहावे, सिलिंडर व एअर फिल्टरमधील पाणी काढून टाकावे, नवे तेल भरावे आणि मगच इंजिन सुरू करावे. थोडे चालविल्यावर तेल पुन्हा दुधाळ दिसल्यास ते पुन्हा बदलावे.

काढलेले तेल विहिरीजवळ नको

तेल बदलण्याचा प्रश्न डबा रिकामा झाला की संपत नाही. गॅरेजमागील जमिनीवर, नाल्यात किंवा बांधावर ओतलेले जुने तेल पावसाबरोबर विहिरीपर्यंत जाऊ शकते. त्यात धातूंचे सूक्ष्म कण व ज्वलनातून आलेली अपायकारक द्रव्ये असतात. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला किंवा जनावरांच्या जखमांना असे तेल लावण्याची जुनी रीतही सोडून दिली पाहिजे. वापरलेले तेल हा कायद्याने घातक कचरा मानला गेला असून २०१६ च्या केंद्रीय नियमांत त्याचा समावेश आहे. २०२३ मध्ये त्या नियमांत दुरुस्ती होऊन वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी तेल उत्पादकांवरही टाकण्यात आली आणि ही व्यवस्था १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली.

या बाबतीत ग्रामपंचायतींना पुष्कळ काही करता येण्यासारखे आहे. गावातील गॅरेजचालकांनी जुने तेल झाकणाच्या पिंपात साठवावे आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जावे, असा आग्रह ग्रामसभेत धरता येईल. रिकाम्या डब्यांत बनावट तेल भरून विकले जाऊ नये म्हणून डबा तेथेच भोक पाडून निकामी करण्याचा प्रघात पाडता येईल. तेल विकत घेताना सील शाबूत आहे हे पाहणे आणि सुटे तेल न घेणे ही ग्राहकाची जबाबदारी आहेच.

दोन अक्षरांचे महत्त्व

शाळेत घर्षणाचा पाठ शिकविताना शिक्षकांना मोटारसायकलच्या क्लचइतके जिवंत उदाहरण क्वचितच मिळेल. घर्षण हा शत्रू आहे असे इंजिन सांगते; घर्षणावाचून चालत नाही असे क्लच सांगतो; आणि दोघेही एकाच तेलात राहतात. वर्गातील मुले घरी जाऊन तेलाच्या डब्यावरील अक्षरे वाचून दाखवू लागली तर त्या पाठाचे सार्थक होईल.

वाहनधारकाने मात्र तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पुस्तिकेत सांगितलेला दाटपणाचा आकडा आणि दर्जा पाळावा. क्लचच्या मुठीचा प्ले दर महिन्याला पाहावा. आणि डबा फोडण्यापूर्वी त्यावर ‘एमए’ ही अक्षरे शोधावीत. किमतीने तेल पारखण्याची सवय सुटली व खूण वाचून तेल घेण्याची सवय लागली, तर घाटात अडकलेली गाडी, नाहक बदललेल्या प्लेटा आणि बुडालेला दिवस यांपैकी पुष्कळसे टळेल.